कडी लागणारी खोली

माझी काकू दार वाजवत नाही, खोकते. कुणाच्याही घरी गेली तरी बेलकडे हात जायच्या आधी तिचा घसा साफ होतो. कोरडा, आखूड, दोन तुकड्यांचा खोकला. त्यातला दुसरा तुकडा जरा हलका, ऐकलंत तर ऐका नाहीतर राहू द्या अशा सुरातला. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा सुरुवातीलाच ती हे शिकली, कारण त्या घरात वाजवायला दारं नव्हती.

घर काकांनी स्वतः बांधलेलं. काका माझ्या वडिलांहून इतके मोठे की लोक त्यांना माझे आजोबाच समजायचे. ते आर्किटेक्ट होते. दुसऱ्यांची घरं दुसऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे बांधायची आणि संध्याकाळी येऊन चिडचिड करायची, असा त्यांचा दिवस असे. स्वतःचं घर मात्र त्यांनी कुणाचंही न ऐकता बांधलं. खाडीच्या अगदी काठाशी, बसकं, लांबट, सपाट छपराचं. छताचा सगळा भार बारीक लोखंडी खांबांवर, भिंतींवर काहीच नाही. पाण्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. स्वयंपाक, जेवण, बसणं, वाचणं सगळं एकाच मोकळ्या जागेत, आणि मधोमध दोन पायऱ्या खाली उतरणारी बैठक, जिच्यात नवा पाहुणा एकदा तरी पडायचाच. झोपायच्या जागांना सरकत्या लाकडी फळ्या होत्या, पण त्याही छतापासून हातभर खाली थांबत. "हवा खेळली पाहिजे," काका म्हणायचे. हवेबरोबर घोरणं, कुजबुज, मुसमुसणं, सगळंच घरभर खेळायचं.

आतल्या भागात दार असलेली जागा एकच, न्हाणीघर. "तिथे तरी किती वेळ बसणार?" काकू म्हणते. "जरा उशीर झाला की बाहेरून विचारायचे, पोट बिघडलंय का म्हणून."

पडद्यांचा प्रश्न तिने एकदा काढला होता. "पडदे लावायचे असते तर काच कशाला लावली असती?" असं उत्तर मिळालं. प्रश्न मिटला. समोरून दिवसभर फेरीबोट ये-जा करायची, आणि बाजारात भाजीवाली काकूला सहज विचारायची, "काल काय उसवत होतात हो? बराच वेळ बसला होतात." एकदा काकूने भर दुपारी आडवं होऊन डुलकी काढली, तर संध्याकाळी दोघीतिघींनी तब्येतीची चौकशी केली. तेव्हापासून ती दुपारची झोप बसून घ्यायला लागली, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून. कधीकधी पुस्तक उलटं असायचं. बोटीतून तेवढं दिसत नसे.

काका वाईट होते असं नाही. त्यांच्याइतका हौशी माणूस आमच्या घराण्यात दुसरा झाला नाही. भरतीचं पाणी काचेवर उजेड फेकायला लागलं की ते काकूला हातातलं काम टाकून बोलवायचे, आणि छतावर हलणारा तो उजेड दोघं मान वर करून बघत बसायची. काकू अजून तो उजेड हाताने दाखवते, पंजा पसरून, बोटं हलवत. पण त्या घरात प्रेमाला जागा भरपूर होती आणि एकटेपणाला अजिबात नव्हती.

म्हणून खोकला. फळीमागून पुढे यायचं तर आधी खोकायचं, हा तिथला शिष्टाचार. काकांचा खोकला जुनी गाडी सुरू व्हावी तसा. माझा चुलत भाऊ, म्हणजे दादा, तो एकच बारीक ठसका द्यायचा. काकांच्या पाठची बहीण, माझी आत्या, तिला खोकायची गरजच पडत नसे, कारण तिचं बोलणं तिच्या आधी पोचायचं. दादाचं लग्न ठरत होतं तेव्हा ही सगळी मंडळी वहिनीच्या माहेरी गेली आणि बंद दारासमोर उभी राहून आळीपाळीने खोकत राहिली. आतल्यांना वाटलं, जिन्यात कुणी आजारी माणसं बसली आहेत. वहिनीच्या आईने पाण्याचा तांब्या घेऊनच दार उघडलं. वहिनी अजून म्हणते, "मला वाटलं, घराण्यातच दमा आहे. तरी हो म्हटलं."

काका गेले आणि घराने जणू तोल सोडला. सपाट छपरावर पाणी साचायचं आणि भलत्याच ठिकाणी खाली यायचं. खाऱ्या वाऱ्याने काचांच्या लोखंडी चौकटी फुगल्या, एका मोठ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला. भिंतीच्या प्लायवूडचे पदर सुटायला लागले, आणि पाण्यावर पुढे आलेला लाकडी सज्जा एका बाजूने असा कलला की त्यावर ठेवलेलं लिंबू आपोआप कडेला जायचं. शेवटी दादाने एक तरुण आर्किटेक्ट बाई गाठली. तिला असली जुनी घरं जीव की प्राण. पहिल्या दिवशी ती त्या दोन पायऱ्यांवरून पडली आणि पडल्या जागेवरूनच म्हणाली, "किती सुंदर आहे हे."

तिने नकाशा केला. घर मोकळंच राहणार होतं, फक्त वहिनीच्या आग्रहावरून एका टोकाला दोन बंद खोल्या धरल्या होत्या. दारांच्या, खऱ्या भिंतींच्या. त्यातली एक काकूची. काकू नकाशातल्या त्या खोलीवर बोट ठेवून थोडा वेळ बसली.

काम सुरू झालं तसं सगळ्यांनी जवळच एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये बस्तान हलवलं. सामान बांधायला म्हणून मी गेले आणि राहिलेच. फ्लॅट अगदी चारचौघांसारखा, आखूड बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक खोलीला दार, दाराला आतून कडी. काकूच्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि शेजारच्या इमारतीची भिंत दाखवणारी एक खिडकी. पहिल्या दुपारी जेवणं झाली, काकूने हात पुसले, आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

आम्ही जेवणाच्या टेबलाशी होतो. दादाने वहिनीकडे बघितलं. "आईला काय झालं?"

"काही नाही. पडल्या असतील जरा."

"दार लावून?"

थोड्या वेळाने तो बोळात गेला आणि दारासमोर उभा राहून खोकला. आत काही हालचाल नाही. पुन्हा खोकला. दार चांगलं जाड होतं. आतल्या माणसाला ठसका ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण हे त्याच्या लक्षात येईना. वाजवावं हे तर त्याला सुचलंच नाही. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "ओ देत नाहीये," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आत्या आली आणि तिने बोळातूनच विचारलं, "दार लावून काय करते ही? अंडी उबवते?"

"आत्या, हळू बोल," दादा म्हणाला. "ती मनातून खचली आहे. बाबांच्या हातचं घर आपण फोडतोय. तिला ते बघवत नाहीये."

"मग तसं म्हणावं की तोंडाने."

"तिने आजवर कधी काही म्हटलंय?"

हे मात्र खरं होतं. काकूच्या पोटातलं ओठावर यायला वर्षं लागतात. त्यामुळे दादाचं म्हणणं सगळ्यांना पटलं. बंद दार म्हणजे दुःख, रुसवा किंवा आजार, यापलीकडे चौथा अर्थ त्या घरात वाढलेल्या माणसाला ठाऊकच नव्हता. दादाने आर्किटेक्ट बाईला फोन केला. दोन्ही खोल्या रद्द. घर जसं होतं तसंच करायचं, फळ्यासुद्धा छतापासून हातभर खाली. "आईसाठी," तो फोनवर म्हणाला. पलीकडे आर्किटेक्ट बाईला बहुधा आनंदच झाला असावा.

वहिनी काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. सासूच्या दुःखापुढे आपल्या खोलीचं काय बोलणार.

त्या दुपारी मी काकूचं दार बोटाच्या पेराने वाजवलं. लगेच आतून आवाज आला, "कोण?"

"मी."

कडी निघाली. केस सुटलेले, साडी चुरगळलेली, गालावर उशीची घडी उमटलेली. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. "ये. कडी लाव आधी," ती म्हणाली आणि जाऊन पलंगावर पुन्हा आडवी झाली, हातपाय पसरून, अख्ख्या पलंगावर.

"काकू, बरं वाटत नाही का तुला?"

"मला? मी अगदी मजेत आहे." ती छताकडे बघत होती. तिथे काही नव्हतं, पंखासुद्धा बंद होता. "असं नुसतं पडायला मला इतकं आवडतं हे मलाच माहीत नव्हतं बघ. काल मी स्वतःशी बोलले. मोठ्याने. मग गाणं म्हटलं."

"कुठलं?"

"ते तुला कशाला?"

मग मी तिला फोनचं सांगितलं. खोल्या रद्द झाल्याचं, आणि का रद्द झाल्या तेही. ती उठून बसली. केस गोळा करून अंबाडा घातला, जणू कुणी बघायला येणार होतं.

"माझ्यासाठी केलं?"

"तुला घर फोडलेलं सहन होत नाहीये, असं त्याला वाटतंय."

"आता काय सांगू त्याला?" ती म्हणाली. "हा एवढ्या मायेने करतोय. आता मी म्हटलं की मला दार पाहिजे, तर त्याला वाटेल, बापाचं घर आईला कधी आवडलंच नाही."

"आवडलं नव्हतं?"

"आवडलं ग. माणूसही आवडायचा. म्हणून काय चोवीस तास समोर?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तू बोलायचं नाहीस. माझं मी बघते."

तिने बघितलं ते आडून आडून. जेवताना म्हणाली, "त्या घरात वारा फार लागायचा नाही का रे?" दादा म्हणाला, "दुहेरी काच घालतोय, आई, चिंता करू नकोस." दोन दिवसांनी म्हणाली, "माझं घोरणं हल्ली वाढलंय." दादा म्हणाला, "आम्हाला सवय आहे." एकदा तर ती म्हणाली, "सूनबाईला जरा मोकळेपणा नको का?" त्यावर दादा हसला. "घर मोकळंच तर आहे." काकूने वहिनीकडे बघितलं, वहिनीने आमटीकडे.

तिकडे काम पुढे सरकत होतं. नवं छप्पर चढलं, कुजलेला सज्जा उतरवला. एके सकाळी दादा आम्हाला सगळ्यांना घर दाखवायला घेऊन गेला. काकूला बरं वाटेल असा त्याचा हिशेब. आर्किटेक्ट बाई आधीच आलेली. जमिनीवर खडूच्या रेघा मारल्या होत्या, कुठे ओटा, कुठे फळ्या. काचा अजून बसायच्या होत्या, त्यामुळे वारा थेट आत येत होता आणि बोलणं मोठ्याने करावं लागत होतं. उद्यापासून फरशीचं काम. म्हणजे काही बदलायचं तर आजच, हे मला कळत होतं. काकूलाही कळत असावं. तिने पदर कमरेला खोचला होता, कामाला निघाल्यासारखा.

आर्किटेक्ट बाई सांगत होती, "न्हाणीघर सोडलं तर मूळ घरात आत एकही दार नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य. आपण ते पूर्णपणे जपतोय."

"बघितलंस, आई?" दादा म्हणाला.

काकू सगळ्यांमधून निघाली आणि स्वयंपाकाच्या मागच्या बाजूला गेली. तिथे पूर्वी अडगळ असायची. तिथून पाणी दिसत नाही. एक सुतार वाकून लाकडाला रंधा मारत होता. काकू त्याच्याजवळ उभी राहिली आणि खोकली. त्याने वर बघितलं.

"इथे भिंत घातली तर छताला काही होईल का हो?"

"छताला काय होणार? ते खांबांवर आहे. कुठेही घाला."

एव्हाना आम्ही सगळे मागे पोचलो होतो. "भिंत कशासाठी?" आर्किटेक्ट बाईने विचारलं.

"दारासाठी," काकू म्हणाली. "भिंतीशिवाय दार कसं बसवणार?"

सुतार हसला आणि मग कुणीच हसत नाही असं बघून पुन्हा रंधा मारायला लागला.

"आई," दादा म्हणाला, "तुझ्यासाठी तर आपण..." तो थांबला. "बाबांना बंद खोल्या आवडायच्या नाहीत. तुला माहीत आहे."

"त्यांना दार लागायचं."

"काय?"

काकूने काठाकडे हात केला. तिथे काकांची नावेची खोली होती, होडी ठेवायला बांधलेली, फळ्यांची, कलंडलेली. ती पाडायची म्हणून सोडून दिली होती. "तिला आतून कडी आहे. जाऊन बघ. रोज संध्याकाळी जायचे."

"नाव दुरुस्त करायला."

"नाव तर तू शाळेत असतानाच विकली त्यांनी. तूच रडला होतास."

दादा त्या खोलीकडे बघत राहिला. त्याला हे माहीत होतं, म्हणजे दोन्ही गोष्टी माहीत होत्या, नाव विकल्याची आणि बाबा रोज नावेकडे जातात ही, पण दोन्ही त्याने कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. "मग बाबा तिथे काय करायचे?" त्याने विचारलं, लहान मुलासारखं.

"मी कधी विचारलं नाही," काकू म्हणाली. "संध्याकाळी परत आले की माणूस हलका झालेला असायचा. मला पुरे होतं तेवढं." वाऱ्याने तिचा आवाज मधेच उडत होता, तरी तिने तो चढवला नाही. "फ्लॅटवर मी दार लावते ना, ते रुसले म्हणून नाही रे. मला बरं वाटतं. एवढंच आहे. तुझ्या बाबांचं घर तसंच राहू दे. मला त्यात एक खोली दे, मी आत आहे की नाही हे बाहेरून कळणार नाही अशी."

आत्या, जिला कुणीही काहीही विचारलं नव्हतं, म्हणाली, "मग इतके दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"वन्सं, तुम्ही बोलत होतात ना. माझी पाळीच आली नाही."

दादा खरंच चालत नावेच्या खोलीपर्यंत गेला. आत शिरला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे पुसत नव्हता, पण नाक ओढत होता. आर्किटेक्ट बाईकडे वळून म्हणाला, "इथे भिंत घालायला किती वेळ लागेल?"

आर्किटेक्ट बाईने खडू उचलला. तिला वाईट वाटत असणार, पण तिने ते दाखवलं नाही. "दार दुधी काचेचं करूया? उजेड येईल."

"लाकडाचं," काकू म्हणाली.

"वर थोडी झडप सोडू, हवेसाठी?"

"छतापर्यंत. हातभर सोडलं की पुन्हा तेच."

"खिडकी तरी पाण्याकडे..."

"त्या मागच्या गल्लीकडे. पाणी बघायचं तेव्हा बाहेर येईन की."

पुढे एक प्रकार झाला. दादाने हौसेने नावेच्या खोलीचं दार काढून आणलं, सुताराकडून साफ करून घेतलं आणि काकूला म्हणाला, "हेच तुझ्या खोलीला बसवूया." काकूने त्या दारावरून हात फिरवला. झिजून गुळगुळीत झालेली कडी एकदा सरकवली, एकदा मागे घेतली. आम्हाला वाटलं, आता ती गहिवरणार. ती म्हणाली, "हे त्यांचं. मला नवं पाहिजे."

नवं बसलं. साधं, फिकट लाकडाचं. कडी काकूने स्वतः दुकानात जाऊन निवडली. दुकानदाराला तिने प्रत्येक कडी सरकवून दाखवायला लावली, आणि शेवटी जिचा आवाज सगळ्यात ठसठशीत होता ती घेतली.

घरात परत राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी आम्ही सगळे जेवायला होतो. काचा नव्या होत्या, पाणी उंच होतं आणि छतावर उजेड हलत होता. आत्या पायऱ्यांवरून पडता पडता वाचली होती आणि त्याबद्दल बोलत होती. जेवण झाल्यावर काकू उठली, खोलीत गेली, कडी वाजली. दादाने फक्त एकदा तिकडे बघितलं आणि ताटं उचलायला लागला.

उन्हं कलल्यावर ती बाहेर आली. दाराशी वहिनी उभी होती.

"आई, तुमचं झालं असेल तर..." वहिनी अडखळली. "मी जरा बसू का आत? थोडाच वेळ."

काकूने तिच्याकडे नीट बघितलं. वीसेक वर्षं ही मुलगी हातभर उघड्या फळीमागे झोपत होती, आणि नकाशातली आपली खोली गेली तेव्हा काही बोलली नव्हती. काकू दारातून बाजूला झाली. वहिनी आत गेली. कडी वाजली.

मग काकूने बैठकीतून एक खुर्ची उचलून आणली, दारासमोर मांडली आणि तिच्यात बसली. थोड्या वेळाने दादा शोधत आला. "ही कुठे गेली?"

"आत आहे."

"काय करतेय?"

"तुला काय करायचंय?" काकू म्हणाली. "चहा ठेव जा. आणि उद्या त्या सुताराला बोलव, दुसरी खोली अजून राहिली आहे."